नवव्या मजल्याचा आठवा दिवस

आमच्या पेरुंगुडीच्या साइटवरचे सेतुराव कॅलेंडर मानत नसत. ते मजले मानत. लग्न कधी झालं असं विचारलं, तर म्हणत, "अण्णानगर, दुसरा टॉवर, चौथा मजला." मी जेवायला उशिरा पोचलो, की ताटावरून मान वर न करता सांगत, "स्लॅब घट्ट झाला पा, सांबार संपलं."

मूळचे तंजावरचे मराठी, बोलण्यात तमिळ 'पा', काम प्लॅनिंगचं. सात दिवसांत एक मजला. आधी शटरिंगवाले, मग सळीवाले, मग काँक्रीटवाले, असे एकामागून एक वर चढत जायचे. भिंतीवरच्या चार्टात प्रत्येक टोळीची एक तिरकी रेघ. "रेघेला रेघ भिडली की माणूस रिकामा बसतो," हे त्यांचं पालुपद. जगातली सगळी दुःखं त्यांनी या एका वाक्यात बसवली होती.

फक्त नवव्या मजल्याला ते आठ दिवस देत. प्रत्येक टॉवरला. का, असं विचारलं की, "असू दे पा." म्हाताऱ्याला नऊ आकडा लाभत नसेल, असं आम्ही पाठीमागे म्हणायचो.

यंदा काम रखडलं. मॅनेजरनं मला कुठून तरी एक दिवस काढायला सांगितला. मी पडलो पुण्याचा हुशार, मला तो दोन मिनिटांत सापडला. नवव्या स्लॅबखालचे टेकू एक दिवस आधी काढा, असं मी परस्पर कळवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुराव खुर्चीत नव्हते. धापा टाकत नवव्या मजल्यावर गेलो, तर साठीचा हा माणूस एका टेकूला मिठी मारून उभा. शटरिंगवाले हातोडे खाली ठेवून बघत होते. मला हसू आलं, त्याची आजही लाज वाटते.

"सेतुराव, सात दिवस पुरतात हो."

"मीपण हेच म्हटलेलं. अण्णानगर, पाचवा टॉवर, नववा मजला. एक दिवस आधी काढा म्हणून मीच सांगितलं. स्लॅब खाली आला. खाली मुरुगन होता, आमचा शटरिंगवाला." त्यांनी टेकू आणखी घट्ट धरला. "त्याची बायको डबा घेऊन गेटवर आली. मला ठाऊक होतं पा. तरी तिला म्हटलं, थांब, येतो तो."

मी टोळीला खाली पाठवलं. उभ्याउभ्याच फोनवर चार्ट उघडून आठवा दिवस परत घातला. टोळीच्या रकान्यात लिहिलं, मुरुगन.

संध्याकाळी मॅनेजरनं विचारलं, "ही कुठली नवी टोळी?"

"सेतुरावांची जुनी आहे," मी म्हटलं. "एकच माणूस."