घरातल्या घरात लातूर ते नांदेड

लातूरहून नांदेडला घरातल्या घरात, एका जागी बसून जायचं, असं शरणप्पांनी ठरवलं होतं. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढलेला माणूस! "पस्तीस दिवसांत नांदेड न्हाई गाठलं तर नावाचा शरणप्पा न्हाई," असं त्यांनी बायकोला, म्हणजे उमादेवींना, ठणकावून सांगितलं. उमादेवी ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

झालं होतं असं, की शरणप्पांची साखर वाढली आणि पुण्याच्या लेकानं वल्हवायचं यंत्र पाठवून दिलं. खाली रूळ, त्यावर मागंपुढं सरकणारी बैठक, हातात ओढायची दांडी आणि पुढ्यात एक गोल पारदर्शक टाकी. दांडी ओढली की टाकीतली पाती पाणी घुसळतात आणि किती अंतर कापलं ते वरच्या काचेवर दिसतं. सगळं उत्तम होतं. फक्त त्या टाकीत सतरा लिटर पाणी भरावं लागत होतं.

आणि साल कोणतं, तर लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते! गल्लीत आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा, घरटी दोनशे लिटर मोजून द्यायचा. त्या वाटपावर गल्लीनं पाणी समिती नेमली होती आणि समितीचे अध्यक्ष होते खुद्द शरणप्पा. पाणी वाया घालवील त्याची एक पाळी कट, हा नियम त्यांचाच. मागच्याच आठवड्यात समोरच्या व्यंकटरावांनी तांब्याभर पाण्यानं स्कूटर पुसली, तर शरणप्पांनी त्यांची पाळी कापली होती. व्यंकटराव हातापाया पडले, पण नियम म्हणजे नियम.

त्यामुळं उमादेवींनी सतरा लिटरला साफ नकार दिला. शरणप्पांनीही हट्ट सोडला नाही. नऊ दिवस त्यांनी आंघोळ केली नाही, ओल्या पंचानं अंग पुसून घेतलं आणि रोजचं आपल्या वाट्याचं जवळपास दोन लिटर टाकीत ओतलं. दहाव्या दिवशी मागच्या खोलीचं दार लावून गाडी सुटली. घरात पाणी घुसळत बसलोय हे गल्लीत कळलं असतं, तर अध्यक्षपद गेलं असतंच आणि दोनशे लिटरची पाळीही गेली असती. म्हणून हा सगळा कारभार पहाटे साडेपाचचा आणि गुपचूप.

गुपचूप राहिला असताही, पण शरणप्पांना नुसतं ओढत बसणं जमेना. पाचव्या मिनिटाला कंटाळा, सातव्या मिनिटाला कंबर. मग त्यांनी मनातल्या मनात एसटी काढली. एक टिंग म्हणजे गाडी थांबली, दोन टिंग म्हणजे सुटली. आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर असे सगळे टप्पे अंतरासकट तोंडपाठ. दोन टप्प्यांच्या मधे कंडक्टर उतरत नाही, हा पहिला नियम. दम संपत आला की मागून तपासणी पथकाची जीप येतेय असं समजायचं. जीप आठवली की हात आपोआप चालायचे, कारण बत्तीस वर्षांत त्या जीपला ते जेवढे भ्यायले होते तेवढे उमादेवींनाही भ्यायले नव्हते. शरणप्पा मूळचे उदगीरचे. आष्टामोड आलं तेव्हा त्यांनी पुकारलं, "उदगीर जिल्ह्याला जाणाऱ्यांनी हितं उतरून घ्या." सरकारनं जिल्हा जाहीर केला नव्हता; पण गाडी शरणप्पांची होती, तिच्यात उदगीर कधीच जिल्हा झालं होतं.

आता हे मनातल्या मनात चाललं असतं तर ठीक. पण बत्तीस वर्षांची सवय, गर्दी दिसली की तोंड उघडणारच! अहमदपूर सोडून माळाकोळीच्या वाटेवर यात्रेची गर्दी चढली आणि शरणप्पांचा आवाज भिंतीपलीकडं गेला.

भिंतीला लागून केवळाबाईंचं घर. त्या पहाटेच उठून दोन रिकाम्या घागरींकडं बघत बसल्या होत्या. त्यांना आधी खळाळ ऐकू आला. पाण्याचा खळाळ, तोही थांबायचं नाव न घेणारा. मग अध्यक्षांचा आवाज आला, "लाईनीत या. लोटालोटी करू नका. सगळ्यायला घेऊन जातो. मावशे, हंडा मांडीवर घे."

केवळाबाईंना अर्थ लागायला वेळ लागला नाही. शरणप्पांना पाणी लागलंय आणि मागच्या दारानं सोयऱ्याधायऱ्यांना वाटणं चालू आहे! सात वाजता हे व्यंकटरावांना कळलं. आठला बोअरला दोन इंच पाणी होतं, दहाला चार इंच झालं. दुपारपर्यंत रेल्वेच्या टाकीपासून थेट शरणप्पांच्या मोरीपर्यंत पाईप आला होता, आणि तो रात्रीतून कोणी पुरला हेही गल्लीतल्या दोघांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला गल्लीतली दहाही घरं घागरी, कळशा, बादल्या घेऊन ओट्यावर हजर. सगळ्यांत पुढं व्यंकटराव. उमादेवींनी दार उघडलं. काय झालंय ते ऐकून घेतलं आणि सगळ्यांना मागच्या खोलीकडं नेलं. नवऱ्याला वाचवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. नऊ दिवस आंघोळ न केलेल्या माणसाशेजारी झोपल्या होत्या त्या.

दार उघडलं. आत शरणप्पा, बनियन आणि हाफ चड्डीवर, घामानं निथळत दांडी ओढताहेत आणि पुढ्यातल्या टाकीत पाणी गरागरा फिरतंय. इतकं स्वच्छ पाणी गल्लीनं महिनाभरात पाहिलं नव्हतं.

"आप्पा," व्यंकटराव म्हणाले, "ह्ये काय करून राहिलात तुमी?"

शरणप्पांनी मान वळवून घागरींची रांग पाहिली. पण हात थांबले नाहीत. "माळाकोळी येऊ द्या," ते धापा टाकत म्हणाले, "मंग बोलू."

माळाकोळी अजून सातशे मीटर होती. आणि गंमत बघा, ती सगळी माणसं घागरी कडेवर घेऊन खरोखर थांबली! त्यांतला प्रत्येक जण कधी ना कधी शरणप्पांच्या गाडीत बसलेला होता. ते थांबा म्हणाले की थांबायची सवय अंगातच होती.

टिंग. शरणप्पा उतरले. मान ताठ. कोनाड्यातली समितीची वही काढून त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचं नाव लिहिलं, सतरा लिटर लिहिलं, पुढं 'पाळी कट' लिहिलं आणि खाली अध्यक्ष म्हणून सही ठोकली.

"एक थेंब सांडला न्हाई म्या," ते म्हणाले. "सोताच्या आंघोळीचं पाणी हाय. पण नियम माझा हाय, त्यो मलाबी हाय. अध्यक्ष दुसरा बघा. नांदेडला मात्र मी जाणारच."

गल्ली वरमली. केवळाबाई म्हणाल्या, एवढा डाव राहू द्या. व्यंकटरावांनीही पाळी कापू नका म्हणून गळ घातली. शरणप्पांनी कोणाचंच ऐकलं नाही. संध्याकाळी व्यंकटराव एक भरली घागर ओट्यावर ठेवून गेले, ती त्यांनी परत पाठवली. उमादेवींनी मागच्या दारानं ती पुन्हा आत घेतली, हे शरणप्पांना माहीत नव्हतं.

पण त्या दिवशीचा टँकर दारावरून तसाच गेला होता आणि एका घागरीनं आठ दिवस निघत नाहीत. उमादेवींनी नळी लावली आणि टाकीतलं सतराच्या सतरा लिटर भांड्याकुंड्यांसाठी काढून घेतलं. "तुमचा नियम, तुमचं पाणी," एवढंच त्या म्हणाल्या.

तरी दुसऱ्या दिवशी साडेपाचला गडी बैठकीवर हजर! पाणी नसलं म्हणून काय झालं? टिंग टिंग केलं, दांडी ओढली, आणि ती दोऱ्यासारखी हलकी हातात आली. पाती मोकळी भणाणली. काचेवरचे आकडे बघता बघता पळायला लागले. माळेगाव गेलं, लोहा गेलं, सोनखेडला प्रवासी चढायच्या आत सोनखेड मागं पडलं. अकराव्या मिनिटाला नांदेड!

उमादेवी दारात उभ्या होत्या. "पोचलात की," त्या म्हणाल्या. "मंग तोंड का पाडून बसलात?"

शरणप्पांनी पंचानं काच पुसून आकडा पुन्हा वाचला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी बटण दाबून आकडा पुन्हा माळाकोळीवर आणला.

"एसटी टायमाच्या आधी पोचली," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांत असं कधी झालं न्हाई. ही फेरी मी धरत न्हाई."

"मंग आता?"

"टँकर येईपर्यंत गाडी माळाकोळीलाच उभी. अन् कंडक्टर गाडी सोडून जात न्हाई. चहा हितंच आण."

चहा तिथंच आला. अर्धा कप. कारण गल्लीनं आदल्या रात्रीच नवा अध्यक्ष निवडला होता, आणि त्या उमादेवी होत्या.