टाकीच्या पाण्याची पाटी

“पाण्याचे लाड करू नकोस. सावली तेवढी सांभाळ, बाकीचं ती रोपं बघून घेतात,” असं सासूबाई आयडा जाताना म्हणाल्या होत्या. ग्लेनिसने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

तेव्हापासून ॲडलेडच्या त्या घरापुढे, निलगिरीच्या बुंध्याशी, आयडांची क्लिव्हियाची रोपं नांदत होती. निलगिरी शेजाऱ्याला थेंब मिळू देत नाही. तरी पानं बारमाही हिरवी, आणि सप्टेंबर लागला की केशरी फुलांचे झुबके. पाणी मागायचं नाही, ऊन मागायचं नाही, कुरकुरायचं नाही. पालिकेला हवा असलेला आदर्श नागरिक तो हाच.

यंदा बागेला नळाचं पाणी घालण्यावर बंदी आली. लगेच गल्लीतल्या प्रत्येक हिरवळीपुढे ‘टाकीतले पावसाचे पाणी’ अशी पाटी लागली. पाऊस गेल्या हिवाळ्यापासून नव्हता. पण पाटी होती, त्यामुळे कुणी कुणाची चुगली केली नाही. ग्लेनिसकडे पाटी नव्हती. तिची चुगली झाली.

पालिकेचा पाणी-निरीक्षक कीरन आला. वाकून म्हणाला, “हिरवी आहेत.”

“ती नेहमीच हिरवी असतात.”

“म्हणजे सवयीचा गुन्हा.”

“अरे, मी पाणीच घालत नाही! माती बघ, नुसती राख झालीय.”

“माती आमच्या खात्यात येत नाही, ग्लेनिस. पाटी लाव, विषय मिटव.”

“टाकीच नाही, तर पाटी कशी लावू? खोटं होईल ते.”

ही अडचण कीरनपुढे प्रथमच आली होती. त्याने वर विचारलं.

वरून आदेश आला. अर्जदाराने टाकी बसवावी. त्यासाठी रोपं दोन हात बाजूला सरकवावीत. निलगिरीच्या पानांनी पन्हळ तुंबेल, सबब निलगिरी तोडावी. सावली गेल्यावर रोपं करपतील, सबब त्यांना रोज पाणी घालावं. टाकी त्यासाठीच आहे. अन्यथा हिरवा पुरावा उपटून जप्त होईल.

“कशाला ओढवून घेतलंस, बाई?” शेजारची डॉरिन कुंपणावरून म्हणाली. “पाटी कुठल्याही दुकानात मिळते. आम्ही नाही का लावली?”

“तुझी टाकी कुठाय?”

“मागे.”

“मागे तर पोहायचा तलाव आहे.”

“मग? त्यात काय पाऊस पडत नाही?”

झाड तोडणारे सोमवारी यायचे होते. रविवारी पहाटे ग्लेनिसने प्रार्थना केली, क्लिव्हियाचे गड्डे मुळांसकट हलक्या हाताने उकरले आणि एकचाकी गाड्यात ठेवले. ती आता आयडांच्या थडग्यापाशी लावायची होती; दफनभूमीत तिथे पाइनची दाट, कोरडी सावली आहे. तिथे गवतही उगवत नाही, म्हणून निरीक्षकही फिरकत नाही.

गाडा कुरकुरत गल्लीतून निघाला. दोन्ही बाजूंना पाट्या, आणि पाट्यांमागे गरगर फिरणारे फवारे.

आता ती तुमच्या फाटकापाशी येईल. घाबरू नका, टाकी कुठे आहे असं ती विचारणार नाही. ती जाईपर्यंत फवारा तेवढा बंद ठेवा. त्या रोपांना पाणी नको आहे.