जामीन राहायला गेलेले मास्तर

ड्रॉइंग मास्तरांच्या दंडाला पट्टा गुंडाळून विमा कंपनीच्या डॉक्टरांनी फुगा दाबला आणि काट्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"बीपी फार चढलंय. कसली काळजी आहे का?"

"मुलगी डॉक्टर होतेय."

"मग ही तर आनंदाची गोष्ट!"

"आनंदच आहे हो. पण हप्त्याहप्त्याने फेडायचाय."

लेक तिसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजने मध्येच फी वाढवली होती. बँक आणखी कर्ज द्यायला तयार होती. अट एवढीच, की जामीन राहणाऱ्या बापाने विमा उतरवावा. विमा कंपनीची अट एवढीच, की बाप धडधाकट असावा. आणि बाप धडधाकट राहावा असं या सगळ्यात काहीच नव्हतं.

"जरा पडून राहा," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी छान आठवा."

मास्तरांनी डोळे मिटले. बाहुलीचा ताप बघणारी चिमुरडी लेक आठवली. बाहुलीवरून कॉलेज आठवलं, कॉलेजवरून फी.

"अहो, वाढलं की! काय आठवलंत?"

"मुलगी."

"तिला नका आठवू."

"मग बायकोला आठवू?"

"चालेल."

"तिने परवाच दागिने मोडले."

"राहू द्या. काहीच आठवू नका."

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. नंबर बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. फोन वाजून वाजून गप्प झाला.

"बँक?" मास्तरांनी पडल्या पडल्याच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडेही असाच वाजतो."

डॉक्टर स्टुलावर बसले ते बसलेच. पदवी घेऊन किती वर्षं झाली, तरी त्यांचं शिक्षणाचं कर्ज जागचं हललं नव्हतं. मास्तर उठले आणि त्यांनी दाराशी उभ्या नर्सबाईंना खूण केली. बाईंनी पट्टा डॉक्टरांच्या दंडाला लावला. काटा मास्तरांच्याही वर गेला.

माणसाचं मन मोठं विचित्र. डॉक्टरांचा आकडा ऐकला आणि मास्तरांना कसं हलकं हलकं वाटायला लागलं. बाईंनी त्यांचं बीपी पुन्हा दोनदा मोजलं, दोन्ही वेळा अगदी नॉर्मल. डॉक्टरांनी 'फिट' लिहून सही केली.

"तुम्हाला जामीन कोण होतं?" मास्तरांनी निघता निघता विचारलं.

"वडील. त्यांचं बीपी काही शेवटपर्यंत उतरलं नाही." डॉक्टर खाली बघत म्हणाले, "आता बँक नवा जामीन मागतेय. पक्की नोकरी हवी, तब्येत ठणठणीत हवी. असा माणूस आणायचा कुठून?"

बोलता बोलता त्यांनी मान वर केली आणि मास्तरांकडे बघितलं. नाही म्हणणं मास्तरांना जन्मात जमलं नव्हतं.

घरी बायको दारातच उभी होती. "झालात पास?"

"झालो."

"आणि जामीन?"

"राहिलो."

"सुटले बाई एकदाची!"

"लेकीला उद्या राहीन," मास्तर चपला काढत पुटपुटले. "आज डॉक्टरांना राहिलो."

बायको मटकन खाली बसली. "अहो, एकाच माणसाला दोन-दोन ठिकाणी बँक जामीन राहू देते का?"

हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मास्तरांना दरदरून घाम फुटला. आतून लेक धावत आली आणि तिने त्यांचं मनगट धरून नाडी बघायला घेतली. मास्तरांनी घाईघाईने हात सोडवून घेतला.

"आज नको गं, बाळ," ते म्हणाले. "आज मी फिट आहे. सहीशिक्क्यानिशी."