पास्को बाईंसाठी दोन शब्द

डल्सी पास्को गेली त्या आठवड्यात तिच्या नवऱ्याच्या, क्लेमच्या दारात इतकं जेवण येऊन पडलं, की फ्रिजचं दार लावायला त्याला गुडघा टेकवावा लागायचा. खिमा भरून भाजलेली पाई, भोपळ्याचं सूप, मटणाचा रस्सा, पुन्हा खिम्याची पाई. पोर्ट वेलनमध्ये कुणाच्या घरचं माणूस गेलं की असंच असतं. लोक भांडं पायरीवर ठेवतात आणि दार न वाजवता निघून जातात. भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असते. झाकणावर एक कार्ड असतं, त्यात गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द.

या वेळी भांडी आली, पण कार्ड एकही आलं नाही. क्लेमने पायरीवरची कुंडी हलवून पाहिली. वाऱ्याने उडालं असेल म्हणून कुंपणापर्यंत जाऊन आला. मग रिकामी भांडी धुताना त्याच्या लक्षात आलं, की नावाच्या पट्ट्याही कुणीतरी नखाने खरवडून काढल्या आहेत. एका भांड्याच्या नाही, सगळ्याच भांड्यांच्या.

डल्सीने गावच्या शाळेत आयुष्यभर भाषा शिकवली होती. शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. हॉलच्या दारावर ‘कृपया खुर्च्या जागेवर ठेवाव्यात ही विनंती’ अशी पाटी लागली, तर ही आत जाण्याआधी त्यातला एक शब्द खोडायची. “कृपया म्हणा नाहीतर विनंती म्हणा. एकदा सांगितलेलं लोकांना कळतं.” नाताळात तिला पाठवलेली शुभेच्छापत्रं जानेवारीत दुरुस्त होऊन परत जायची. खाली गुण दिलेले असायचे. क्लेमही सुटला नव्हता. तो “मी आणि डल्सी” म्हणाला, की आतल्या खोलीतून आवाज यायचा, “डल्सी आणि मी! स्वतःला मागे ठेवावं.” क्लेमने जन्मभर गव्हाचा ट्रक चालवला. ट्रकला व्याकरण लागत नाही. तो नुसता “बरं” म्हणायचा.

अंत्यविधीला सगळा गाव आला. प्रत्येकाने क्लेमचा हात दाबला, घसा खाकरला आणि सँडविचच्या टेबलाकडे चालता झाला. तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून क्लेमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सुटलो एकदाचे, असं गावाला वाटतंय. तिचा धाक होता, माया कुणालाच नव्हती.

रविवारी त्याने धुतलेली भांडी गाडीत भरली. भांडी परत करायची, ही रीतच होती. पण खरं कारण वेगळं होतं. दारात उभं राहिलं तर माणूस काहीतरी बोलेल. एखादं वाक्य. तेवढंच त्याला हवं होतं.

पहिलं घर शेजारच्या नोएलीनचं. क्लेम काचेचं भांडं दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

“नोएलीन, हे तुझं का गं?”

नोएलीनने भांड्याकडे पाहिलं आणि ती लाल झाली. “माझं? छे! माझं नाही हे.”

“मला वाटलं, तुझ्याकडे असलं—”

“तसं सगळ्यांकडेच असतं.”

क्लेम जागचा हलला नाही. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. नोएलीनला त्या नजरेचा वेगळाच अर्थ लागला. सैल झालेली पँट, न केलेली दाढी, हातात रिकामं भांडं. हा बिचारा उपाशी आहे. “थांब हं,” म्हणत तिने भांडं त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि परत आणलं तेव्हा ते मासे आणि चीजच्या मॉर्नेने काठोकाठ भरलेलं होतं.

“अगं, मी यासाठी नव्हतो आलो.”

“काही बोलू नकोस. माणसाला लाज वाटते, कळतं मला.”

पुढच्या गल्लीत ग्लेनिस राहायची. तीही “आमचं नाही हे” म्हणाली आणि तीही भांडं घेऊन आत पळाली. क्लेम मागून खोटंच ओरडला, “ग्लेनिस, मी जेवलोय!”

“जेवलास तर जेवलास. रात्रीला होईल!”

तिसऱ्या घरी दार वाजवावंच लागलं नाही. नोएलीनचा फोन क्लेमच्या गाडीच्या पुढे धावत होता. तिथे म्हातारा अर्न फाटकातच उभा होता, हातात वरण वाढायचा असावा तसा मोठा डाव. “किती दिवस उपाशी आहेस रे?” त्याने विचारलं. “सांगायचं नाही का गड्या? आम्ही काय मेलो होतो?” मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने घाईघाईने क्लेमच्या भांड्यात सूप ओतलं. काही भांड्यात गेलं, काही क्लेमच्या बुटात.

दुपारपर्यंत क्लेमच्या गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. वळणावर रस्सा सांडत होता. वाटेत लोक हात करून गाडी थांबवत आणि खिडकीतून काहीतरी आत सरकवत. भांडी परत करायला निघालेल्या माणसाकडे आता निघतानापेक्षा जास्त भांडी होती. आणि तिच्याबद्दल अजून एक वाक्यसुद्धा नव्हतं.

शेवटचं घर डॅरिल खाटकाचं. त्याच्या बायकोने, रॉन्डाने, दार उघडलं आणि हात पुढे केले. “आण इकडे. मेंढीची टांग ओव्हनमध्ये आहेच.”

“मला जेवण नकोय!” क्लेम इतक्या मोठ्याने ओरडला, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मग तो तिथेच पायरीवर बसला. भांडं मांडीवर होतं. “जेवण नको रॉन्डा. कुणीतरी तिच्याबद्दल काहीतरी बोला. कार्ड नाही, शब्द नाही. एवढी वाईट होती का ती?”

रॉन्डा आत वळून म्हणाली, “डॅरिल, बाहेर ये. मी नाही सांगणार.”

डॅरिल आला. दाराएवढा माणूस, पण चौकटीत मावेना असा अवघडून उभा राहिला.

“ते भांडं आमचंच आहे, क्लेम.”

“मग ‘नाही’ का म्हणता सगळे?”

“माझं म्हटलं की तू विचारणार, कार्ड कुठंय.”

“कुठंय?”

“फाडलं.”

“यानं लिहिलं, फाडलं,” रॉन्डा म्हणाली. “परत लिहिलं, परत फाडलं. नोएलीनचंही तेच. अर्नने तर नुसतं नाव लिहिलं आणि तेही बरोबर आहे की नाही, म्हणून चुलीत टाकलं.”

“पास्को बाईंबद्दल लिहायचं आणि त्यात चूक करायची?” डॅरिल म्हणाला. “कुठल्या तोंडानं?”

“अरे, पण ती आता वाचणार आहे का?”

“तुला काय माहीत?”

“बरं, मग तोंडी सांग,” क्लेम म्हणाला.

डॅरिलने हात पँटला पुसले आणि वर्गात उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. “बाईंनी माझी खूप मदत केली—”

“मला.”

“काय?”

“‘मला मदत केली.’ ‘माझी’ नाही.”

डॅरिलचे कान लाल झाले. “बघ!” तो रॉन्डाला म्हणाला. “बघितलंस? म्हणून मी म्हणत होतो!”

क्लेमने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. हे वाक्य त्याने आयुष्यात कधी कुणाला ऐकवलं नव्हतं. ते कुठून आलं ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याचे डोळे भरून आले. “चुकलं माझं, डॅरिल. बोल तू. मी काही म्हणणार नाही.”

डॅरिल बुटाच्या टोकाकडे बघू लागला.

“माझी आई गेली तेव्हा मी चौथीत होतो,” तो म्हणाला. “मी आणि बाबा दोघंच राहिलो.” क्लेमने जीभ दाताखाली धरली. “नंतर बाईंनी सगळ्यांना निबंध घातली. ‘माझी आई.’ त्यांना माहीत होतं, तू नको लिहूस म्हणाल्या, पण मी म्हटलं, मी पण लिहिणार. दोन पानं लिहिली. सगळी चुकाच असणार. वह्या परत आल्या तर बाकीच्यांची लालेलाल. माझ्यावर एक खूण नाही. मी गेलो टेबलाजवळ, म्हटलं, बाई, माझं तपासायचं राहिलं. तर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘तपासलं, डॅरिल.’ तेवढंच. आणि मग मी, म्हणजे त्या, ते मला अजून...”

वाक्य तिथेच राहिलं. डॅरिलने मनगटाने नाक पुसलं.

ही गोष्ट डल्सीने क्लेमला कधीच सांगितली नव्हती.

“काही चुकलं का?” डॅरिलने हळूच विचारलं.

क्लेमने मान हलवली. नाही. मग मांडीवरचं रिकामं भांडं त्याने वर, रॉन्डाच्या हातात दिलं.

“ती टांग,” तो म्हणाला, “झाली असेल का गं? सकाळपासून मी काही खाल्लं नाही.”