पूर्वेकडची भिंत

"खिडकी कोणी उघडली?"

स्तामेनाबाईंनी हा प्रश्न डोक्याला लोकरी रुमाल गुंडाळता गुंडाळताच विचारला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी युद्ध पाहिले होते, टंचाई पाहिली होती, नदीचे दोन पूर पाहिले होते. पण त्यांचा खरा थरकाप उडे तो आरपार वाऱ्याने. खिडकीतून शिरून दारातून निघणारा वारा माणसाची मान धरतो, कान बसवतो आणि कंबर कायमची निकामी करतो, हे वालजेवो गावात कोणाला शिकवावे लागत नाही.

"मी उघडली, आई," शिडीवरून तिहोमीर म्हणाला. त्याच्या डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी होती आणि हातात रोलर. "रंग ओला आहे. डब्यावर लिहिलंय, हवा खेळती ठेवा म्हणून."

"डब्यावर लिहिणाऱ्याला आई नसेल," स्तामेनाबाई म्हणाल्या आणि खिडकी धाडकन लागली.

संत निकोलाचा दिवस तीन दिवसांवर आला होता. निकोला हा त्यांच्या कुळाचा संत. त्या दिवशी घरच्या यजमानाने मेणबत्ती लावायची, धर्मगुरूंसोबत पाव कापायचा, न बोलावता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत करायचे आणि स्वतः मात्र दिवसभर बसायचे नाही. सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर मेणबत्ती आईच लावत आली होती. तिहोमीर बावन्न वर्षांचा होता, शाळेत भूगोल शिकवत होता, दोन मुलींची लग्ने त्याने लावून दिली होती; पण आईच्या लेखी तो अजून 'मोठा झाल्यावर बघू' या सदरातच होता. यंदा मात्र ती त्याला लाडक्या नावाने हाक मारून म्हणाली होती, "तिका, मेणबत्ती तू लाव." मग घटकाभर थांबून तिने पुस्ती जोडली होती, "पण काही वेडंवाकडं झालं, तर पुढच्या वर्षी परत माझ्या हातात."

हा सण डिसेंबरातच येतो, हे त्या कुटुंबाला निदान दोनशे वर्षे ठाऊक होते. तरीही उन्हाळा गावाकडे आलुबुखार उतरवण्यात गेला, शरद ऋतू बाल्कनीत लाल मिरच्या भाजण्यात गेला, आणि बाहेर पाणी गोठू लागले तेव्हा तिहोमीरच्या बायकोचे, देसांकाचे, लक्ष बैठकीच्या भिंतीकडे गेले. "या काळ्या भिंतीवर संताची तसबीर लावणार?" तिने विचारले. मिरच्यांचा सगळा धूर त्या भिंतीने झेलला होता. देसांकाने जर्दाळू रंग निवडला. तीन भिंती मुकाट्याने वाळल्या. राहिली पूर्वेची, जिच्यावर तसबीर लावायची ती; आणि नेमकी तीच इमारतीच्या बाहेरच्या बाजूची, पलीकडून हिवाळ्याला पाठ लावून उभी असलेली.

मग खिडकीचे युद्ध सुरू झाले. सकाळी शाळेला निघताना तिहोमीर खिडकी उघडत असे. तो जिना उतरेपर्यंत स्तामेनाबाई ती लावत. दहा वाजता देसांका भाजी आणायच्या निमित्ताने येऊन ती उघडत असे. सव्वादहाला ती पुन्हा बंद. मधल्या काळात स्वयंपाकघरात सणाचे गहू रटरटत होते, धुतलेले पडदे रेडिएटरवर वाफाळत होते आणि न्हाणीघराच्या टबात सणाचा कार्प मासा पोहत होता. तिथली खिडकी उघडायची तर प्रश्नच नव्हता.

"अहो आई, मासा पाण्यात आहे!" देसांका म्हणाली.

"म्हणूनच," स्तामेनाबाई म्हणाल्या. "ओल्या अंगाला वारा आणखी बाधतो."

घरातली सगळी वाफ शेवटी त्या एकमेव थंड भिंतीवर जाऊन बसू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही भिंत ओलीच होती, आणि ओली असल्यामुळे डागाळलेली दिसत होती. डागाळलेली दिसते म्हणून तिहोमीरने तिच्यावर दुसरा हात मारायला घेतला. रोलर वर गेला तो जर्दाळू रंग घेऊन, आणि खाली आला तो पहिला हातही सोलून घेऊन. शिडीवरून उतरून तिहोमीरने पाहिले. भिंतीवर काळ्या समुद्राचा किनारा, डॅन्यूबच्या मुखासकट, हुबेहूब उमटला होता.

"वर्गात कधी इतका छान नकाशा काढला नसशील," देसांका म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हते.

वरच्या मजल्यावरचा मिलेता, निवृत्त फ्रिज-दुरुस्तीवाला, पाहणी करायला आला. त्याने भिंतीला बोट लावले, बोट नाकाशी नेले आणि निदान केले, "मास्तर, हिला हवा नको, ऊब हवी. माझ्याकडे गरम हवेचे दोन पंखे आहेत."

"बघा! कळतं कोणाला तरी," स्तामेनाबाई म्हणाल्या.

पंखे आले. पडदे दुप्पट वेगाने वाळले आणि त्यांचे उरलेसुरले पाणीही भिंतीने शोषून घेतले. वीस मिनिटांनी काळ्या समुद्राला ओघळ सुटले. पंचविसाव्या मिनिटाला इमारतीचा फ्यूज उडाला आणि चारही मजल्यांवरून मिलेताचा उद्धार ऐकू आला. कारण विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

शेवटच्या दिवशी तिहोमीरने समुद्र खरवडला, खळग्यांत लांबी भरली, त्यावर तिसरा हात मारला आणि खिडकीला हात घातला. स्तामेनाबाई आरामखुर्चीत मान वाकडी करून बसल्या होत्या. काल देसांकाने खिडकी तीन मिनिटे उघडली होती, त्याचा तो पुरावा होता.

"उघड, उघड," त्या म्हणाल्या. "उद्या पाहुणे मेणबत्तीसाठी येतीलच, एक माझ्या आत्म्यासाठीही लावा."

तिहोमीरने खिडकीवरचा हात काढून घेतला.

सणाची सकाळ उजाडली. भिंत सुंदर दिसत होती आणि चिकटत होती. तिहोमीरने खिळ्यावर तसबीर अलगद टांगली, तिच्याखाली टेबल मांडले, त्यावर पाव, गव्हांचे ताट आणि लाल वाइन ठेवली, खुर्च्या समोरच्या भिंतीशी सरकवल्या. मग त्याने मेणबत्ती लावली. ज्योत सरळ उभी राहिली. आईने मान, जितकी हलत होती तितकी, हलवली. तिहोमीरच्या मनात आले, एवढा दिवस निभावला की झाले. कोणी त्या भिंतीला टेकू नये, एवढेच.

अकरा वाजता फादर गावरिलो आले. धिप्पाड माणूस, त्यांच्या पंथातल्या बहुतेक धर्मगुरूंसारखा संसारी, काळा पायघोळ झगा, छातीवर रुळणारी दाढी. बैठकीची खोली अरुंद होती. प्रार्थना झाली, पाणी शिंपडून झाले, पावावर वाइन ओतून झाली. मग फादरनी आणि तिहोमीरने पाव हातांत धरला आणि रीतीप्रमाणे गोल फिरवायला सुरुवात केली. पाव फिरतो तशी माणसेही थोडी फिरतात. दुसऱ्या फेऱ्याला फादर टेबलाच्या पलीकडे गेले. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी एक पाऊल मागे घेतले.

तिहोमीरने डोळे मिटले.

पाव तुटला, सर्वांनी क्रूसाची खूण केली आणि फादर पुढे आले. आवाज झाला तो बारीकच, पण त्या शांततेत घरातल्या प्रत्येकाने तो ऐकला. भिंतीवर आता खांद्यांसकट एक मोठा धर्मगुरू उमटला होता.

"फादर," तिहोमीर म्हणाला. त्याने आईकडे पाहिले नाही. "क्षमा करा. चूक माझी आहे. भिंत ओली होती. तुमचा झगा... मी धुऊन आणतो. नवीन शिवून देतो. आणि आई, पुढच्या वर्षी मेणबत्ती—"

"कोणता रंग?" फादरनी विचारले.

"जर्दाळू," देसांका पुटपुटली.

"अरे वा! जर्दाळू नव्हता अजून." फादर सावकाश वळले. त्यांच्या पाठीवर, ताज्या जर्दाळू पट्ट्याच्या शेजारी, एक फिकट हिरवा पट्टा होता. उजव्या कोपराला लिंबासारखा पिवळा होता. बाहीला निळा, आणि खाली घेराजवळ एक जांभळट ठसा, बहुधा कोणाच्या तरी दाराच्या चौकटीचा. "तुमचं धरून सकाळपासून सहा घरं झाली. त्यात ओल्या रंगाचे तुम्ही पाचवे. उरलेल्या एका घरी वॉलपेपर होता, तो पाठीबरोबर निघून आला."

देसांका पुढे होऊन तो हिरवा पट्टा निरखू लागली.

"निकोलाच्या दिवशी मी हाच जुना झगा घालतो," फादर म्हणाले. "संध्याकाळी घरी गेलो की बायको मला दिव्याखाली उभं करते आणि कोणी यंदा कोणता रंग लावला ते बघते. अख्खं गाव सणाच्या आदल्या आठवड्यात रंगवतं, आणि एकाही घरात खिडकी उघडी नसते. लोक देवाला भितात हो, नाही असं नाही. पण वाऱ्याला जास्त."

पहिल्यांदा हसल्या त्या स्तामेनाबाई. मान धरलेली असल्यामुळे त्यांना सबंध अंगाने हसावे लागले. तिहोमीरच्या मनावरचे तीन दिवसांचे ओझे उतरले आणि तोही हसू लागला. मग देसांका, मग गहू खायला दारात येऊन उभा राहिलेला मिलेता, ज्याला काय झाले ते ठाऊकच नव्हते.

फादर सातव्या घराकडे गेले. स्तामेनाबाई उठल्या, त्यांनी डोक्याचा रुमाल आवळला आणि कोणाची परवानगी न घेता खिडकीची कडी काढली.

"आई?" तिहोमीर म्हणाला.

"पाच मिनिटं. मिलेता, टोपी घाल. सूनबाई, न्हाणीघराचं दार लाव." न्हाणीघरात आता कोणी नव्हते, मासा ओव्हनमध्ये होता. पण सवय ती सवय.

बर्फाचा वास घेऊन वारा आत आला. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. तिहोमीर झटकन पुढे झाला आणि खिडकीकडे पाठ करून, दोन्ही हातांनी कोट फाकवून, टेबलासमोर उभा राहिला. ज्योत पुन्हा सरळ झाली.

स्तामेनाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "अस्साच," त्या म्हणाल्या. "तुझे बाबाही अस्सेच उभे राहायचे. लोक म्हणायचे, काय यजमान आहे, दिवसभर टेकत नाही. टेकणार कुठे? भिंत ओली."

"बाबासुद्धा?"

"चाळीस वर्षं."

तिहोमीरने पाठीवरचा गार वारा सोसला आणि हळूच विचारले, "मग पुढच्या वर्षी मेणबत्ती कोणाकडे?"

"तुझ्याकडेच. माझी मान कुठे राहिलीय?"

"पुढच्या वर्षी आपण भिंत उन्हाळ्यातच रंगवू," तो मोठ्या समाधानाने म्हणाला.

"हो रे बाळा," खिडकी लावत स्तामेनाबाई म्हणाल्या. "हेही तेच म्हणायचे."