टेकडीवरचा शेवटचा नळ

जरा जवळ सरक. दारात उभं राहून अर्ध्या कानानं ऐकायची ही गोष्ट नाही. आणि आधी मागचा नळ बंद करून ये. हात धुऊन झाले, आता बादली वाहून जाईना का, असंच ना तुमचं? आमच्या दौलतभाऊनं पाहिलं असतं तर भर चौकात तुझं नाव घेतलं असतं. हं, बस आता.

आमच्या गावात एक माणूस भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसतो. कमरेएवढी लोखंडी सळाख जमिनीत खुपसतो, तिचं वरचं टोक दातांत धरतो आणि डोळे मिटून घेतो. आर्वीची एसटी आली तरी उठत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, गाडी बाजूनं काढतो. नवा पाहुणा विचारतो, "याले काई झालं का?" आम्ही सांगतो, "याले नाई, पाइपाले झालं."

तो दौलत. जमिनीखालचा पाइप कुठं फुटला ते तो दातांनी ऐकतो. पाणी गळत असलं की सळाखीतून दाताला झिणझिण्या येतात म्हणे. मी विचारलं, लोक कान लावतात, तू दात काऊन लावतोस? तर म्हणाला, "काकू, कान गावभरच्या चुगल्या आयकून बाद झाले. दाताले कोनी काई सांगत नाई."

नदीवरच्या विहिरीतून पाणी टाकीत चढवायचं, ब्लिचिंग टाकायचं, दिवसाआड एकेका वार्डाला सोडायचं, हे सकाळचं काम. दुपारून गटारीचे चेंबर. तो स्वतः म्हणतो, "आनतो मीच, नेतो मीच. मधात तुमची काय मर्जी असंल ते करा." सत्तावीस वर्षं झाली, हेच वाक्य. मधात म्हणजे आपलं स्वयंपाक, आंघोळी, पाहुणेरावळे, सगळं आयुष्य आलं. त्याच्या हिशेबी तो दोन पाइपांमधला किरकोळ भाग.

रस्त्याखाली पाणी सोडायचे-अडवायचे मोठाले वॉल असतात. ते फिरवायची त्याची चावी म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा. आमच्या वार्डाला चावीचे सात आटे फिरवायचे, बाजाराला नऊ, टेकडी वार्डाला साडेअकरा. हे कुठं लिहिलेलं नाही. नवा साहेब आला, म्हणाला नकाशा द्या. दौलतनं कपाळावर बोट ठेवलं. साहेबाला वाटलं डोकं दुखतंय, त्यानं गोळी दिली. दौलतनं ती घेतलीही.

लग्नाचं म्हणशील, तर एकदाच मुलगी पाहायला गेला होता, पुलगावकडे. पोहे खाल्ले. तिच्या वडलांनी विचारलं, पोरीला काही विचारायचं असेल तर विचारा. यानं विचारलं, "तुमच्या मोरीचा पाइप तीन इंची हाये का चार?" ते म्हणाले माहीत नाही. हा मागं जाऊन पाहून आला. परत येऊन सांगितलं, "तीन हाये. चार पाह्यजे." लग्न जमलं नाही. तो अजून म्हणतो, चारच पाहिजे होता.

चेंबरमध्ये त्याला काय काय सापडतं! सापडलेली वस्तू तो फेकत नाही, मालकाला नेऊन देतो. आपल्याकडे भांड्यांवर नाव कोरायची पद्धत, त्यामुळं पत्ता शोधावा लागत नाही. माझी स्टीलची वाटी तीन महिन्यांनी घेऊन आला. आमच्या यांचं नाव कोरलेली, रुखवतातली. "दोनदा उकळली," म्हणाला. मी ती घेतली आणि माळ्यावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी विचारतो, "वापरून राह्यल्या ना?"

हे गेले तेव्हा गावातली माणसं येऊन खूप काही बोलली. दौलत दाराशी आला, उभा राहिला, आणि तसाच निघून गेला. अर्ध्या तासानं नळाला पाणी आलं. आमची पाळी नव्हती त्या दिवशी. ज्याच्या घरी माणूस जातं त्याच्या वार्डाला तो पाळी नसताना वॉल खोलतो, घरात माणसं असतात, आंघोळी असतात. कुणी सांगितलेलं नाही त्याला. माझ्या वाट्याला सांत्वन म्हणून दोन तास पाणी आलं. खरं सांगू, उपयोगी तेवढंच पडलं.

आता त्याच्या वहिनीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

टेकडी वार्डातला अगदी शेवटचा नळ कौसल्याचा. ही त्याची मोठी वहिनी. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. दौलत तेव्हा सहा वर्षांचा, आई नसलेला. कौसल्यानं खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहून त्याला न्हाऊ घातलं, वाढवलं. पुढं तिचा नवरा गेला, त्या घरात ती आणि दौलत दोघंच उरली. चढावर पाणी कमी येतं, म्हणून तिनं नळाला टिल्लू पंप लावला. टिल्लू लावला की एका घरात धो धो आणि शेजारी ठणठणाट. दौलतनं नऊ वर्षांपूर्वी गावातले टिल्लू जप्त केले, आणि पहिला कुणाचा उचलला? वहिनीचा. भर वार्डासमोर.

ती म्हणाली, "माह्या घरातून नेतं?"

हा म्हणाला, "तुह्या घरापासून नाई सुरू केलं तं दुसऱ्याच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ, वयनी?"

"मंग माह्या नळाले पानी कोन आनंन?"

"मी आनंन. पंपाबिगर आनंन."

त्या दिवसापासून कौसल्या त्याच्याशी बोलली नाही. तो टाकीखालच्या खोलीत राहायला गेला. नऊ वर्षं तो शब्द त्यानं पाळला. बाकी वार्डांचं मागंपुढं झालं असेल, पण टेकडीच्या शेवटच्या नळाला पाणी चढलं नाही असं कधी झालं नाही. आणि यंदाच्या उन्हाळ्यात ते थांबलं.

कुठंतरी मोठं लिकेज होतं. खालच्या वार्डांना पाणी होतं, टेकडीला थेंब नाही. साहेबानं टँकर पाठवला, पण टँकरला तो चढ चढवेना. टेकडीच्या पायथ्याशी उभा राहायचा, तिथून बायका घागरी न्यायच्या. कौसल्यानंही डोक्यावर घागर घेतली. बाहत्तर वर्षांची बाई. शेजारणी म्हणाल्या, आम्ही आणून देतो. तर म्हणाली, "ज्यानं कबूल केलं त्यालेच पाहू द्या."

आणि तो पाहत होता. पायथ्याशी वॉलपाशी उभा राहून.

दौलत सळाख दातांत धरून सगळा रस्ता फिरला. बँकेसमोर खड्डा खणला, काही नाही. दवाखान्यापाशी खणला, कोरडा. तिसरा पारापाशी. लोक बोलायला लागले. "दौलतभाऊ, कवळी बसवून घ्या, मंग आयकू येईन!" तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. दमला की माझ्या पायरीवर येऊन बसायचा, चहा प्यायचा, पायरीवर तळहात ठेवायचा आणि उठून जायचा.

नवव्या दिवशी मी चिडले. म्हटलं, "अरे, ती म्हातारी घागर घेऊन चढून राह्यली आन तू इथं चहा पिऊन राह्यला? सापडत नाई तं सांग साहेबाले."

तो खाली पाहत म्हणाला, "सापडलं काकू."

"कधी?"

"तिसऱ्याच दिवशी."

"मंग खोदत काऊन नाई?"

"तुमच्या पायरीखाली हाये."

ही पायरी यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली. रिटायर झाल्यावर केलेलं एकमेव काम. थोडी वाकडी आहे. खालून पाइपाचा जोड जातो हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं, विचारायची सवय नव्हती त्यांना. शेवटच्या आजारात रोज संध्याकाळी ते तिथंच बसत. दौलतला हे ठाऊक. म्हणून त्यानं तीन खड्डे दुसरीकडे खणले. आपण चुकलो असू अशा आशेनं. गावाची बोलणी खाल्ली, वहिनीला चढताना पाहिलं, पण मला विचारायला त्याची जीभ रेटेना.

मी म्हटलं, "बावा, पायरी वाकडीच होती. फोड."

"काकांनी बांधली—"

"तुहे काका असते तं त्यायनंच पहिला घण घातला असता. तशी घाईच होती त्यायले सगळ्याची. फोड म्हनते ना!"

फोडली. मी आत जाऊन भाजी निवडत बसले. बाहेर उभं राहवलं नाही मला. खाली जोड उघडा पडलेला, पाणी भसाभस जमिनीत मुरत होतं. त्यानं जोड साफ केला, क्लॅम्प आवळला, सळाख दातांत धरून खात्री केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीची पाळी. साडेअकरा आटे फिरवून तो वॉलपाशी उभा राहिला. वर गेला नाही. मला म्हणाला, "काकू, जरा वर जाऊन पाहून या. आलं का."

मी गुडघ्यांना शिव्या देत चढले. कौसल्याच्या अंगणात नळ चालू होता, धार बोटाएवढी, पण चालू. ती ओंजळीत पाणी घेऊन वास घेत होती. मला पाहून म्हणाली, "त्याले सांग, ब्लिचिंगचा वास येते."

मी खाली आले. सांगितलं.

"असं म्हने?" तो म्हणाला. "सोता म्हने? वास येते म्हने?"

"हो."

"आनखी काय म्हने?"

"आनखी काई नाई."

"नाई, पन 'त्याले सांग' म्हने ना?"

"म्हने बापा, म्हने."

नऊ वर्षांत पहिलं वाक्य, आणि तेही तक्रार. तो दिवसभर असा फिरला जसा काही सत्कार झाला. संध्याकाळी माझ्याकडे निरोप घेऊन आला: ब्लिचिंग कमी करता येत नाही, नियम आहे, पण मडक्यात रातभर उघडं ठेवलं की वास जातो.

तेव्हापासून हे सुरू आहे. ती म्हणते धार बारीक आहे, हा म्हणतो तोटी बदल. ती म्हणते तोटी बरी आहे, हा म्हणतो वायसर पाहा. दोघंही एकमेकांकडं जात नाहीत. मी जाते. मागच्या सोमवारी कौसल्या मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "वाळून गेला हाये तो. मी वरतून पाह्यलं. त्याले सांग."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानं हातातली चावी खाली ठेवली. सार्वजनिक नळावर जाऊन तोंड धुतलं. आला, परत गेला, पुन्हा धुतलं. मग म्हणाला, "सांगजा, बरोबर जेवतो म्हना."

कसला जेवतो! टाकीखालच्या खोलीत एक स्टो आणि एक पातेलं.

तर असं आहे बाई. मला ती टेकडी आता दिवसातून दोनदा चढवत नाही, आणि या दोघांचं बोलणं तर आत्ता कुठं पाण्यावरून तब्येतीवर आलंय. नवी पायरी अजून ओली आहे, जपून पाय ठेव. पण लवकर येजो. दोन दिवस राहायलाच ये. चहा-जेवण मी करीन, निरोप तेवढे तू घेऊन जाशील.