विहिरीवरचा परका इसम

गेल्या वर्षी हैज्याच्या, म्हणजे पटकीच्या साथीने गावातली सात माणसं नेली, तेव्हा ग्रामसेवक निवृत्तीने विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर मागितली. पाच अर्ज गेले. ‘रोग नैसर्गिक असल्याने मागणीचा यथावकाश विचार केला जाईल,’ असं उत्तर आलं, तेही साथ ओसरल्यावर.

यंदा पासष्टची लढाई पेटली आणि वरून परिपत्रक आलं. साथीने गावं किती झटपट आडवी होतात हे शत्रूच्याही ध्यानात आलं असावं. सबब तो विहिरींत जंतू टाकण्याचा संभव आहे. विहिरीलगत परका इसम संशयास्पद स्थितीत आढळल्यास धरावा. अशा प्रसंगी पावडर तात्काळ जीपने पोचेल. निवृत्तीने कोतवाल कडूबाला मजकूर पाठ करायला लावून विहिरीवर उभं केलं.

त्याच आठवड्यात दोन घरांत उलट्या सुरू झाल्या. निवृत्ती सहावा अर्ज लिहायला बसला, तेव्हा शेजारच्या गोजरबाईने घागर खाली ठेवली.

“मांगच्या साली हैजा लिवला, तं पावडर नाई आली. यंदा दुश्मन लिवा न, भाऊ!”

निवृत्तीने लिहिलं. दुसऱ्याच सकाळी जीप आली. एक पोतं पावडर आणि एक साहेब. आनंदाच्या भरात निवृत्तीने स्वतःच पोत्याला हात घातला.

“थांबा!” साहेब म्हणाले. “पावडरीने जंतू मरतील. पुरावा नष्ट होईल. आधी शत्रू सापडू द्या.”

“तवरिक पानी कोनतं प्याचं?” गोजरबाईने विचारलं.

“हेच. चव बदलल्यास लेखी कळवा.”

पंचनाम्याच्या तिसऱ्या चहानंतर साहेबांना परसाकडची घाई झाली. तांब्या घेऊन ते विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथून उताराचं पाणी विहिरीत उतरतं त्या बाभळीआड गेले. थोड्याच वेळात कडूबा त्यांना दंडाला धरून घेऊन आला.

“परका इसम, संशयास्पद स्थितीत!”

“अरे, सारं गाव तिथंच बसतं!”

“ते गावचे हायेत, साहेब. तुमी परके.”

“दुश्मन गावला,” गोजरबाई म्हणाली. “टाका पावडर.”

साहेबांनी शेरा मारला: ‘शत्रू सापडला. नाव गोपनीय.’ पावडर विहिरीत पडली आणि आठवडाभरात उलट्या थांबल्या. निवृत्तीने गावभर पेढे वाटले.

दुसऱ्या सकाळी सारं गाव तांब्या घेऊन त्याच बाभळींकडे निघालं. कडूबाने एकेकाला रामराम घातला आणि पुन्हा परक्या इसमाची वाट पाहू लागला.

हसून झालं असेल, तर तुम्हीही आपल्या विहिरीच्या वरच्या अंगाला एक चक्कर मारून या. फक्त तांब्या घरी ठेवा.